सदर ठिकाणी लोकवस्ती नाही

आमच्या घराला पाया नव्हता. तो खणायची गरजच पडली नाही, कारण खाली सगळा काळा खडक होता. बाबांनी त्या खडकावरच दगडांच्या भिंती रचल्या, वर पत्रे टाकले आणि वाऱ्यानं पत्रे उडू नयेत म्हणून पत्र्यांवरही पुन्हा दगडच ठेवले. दगड सोडून आमच्याकडे दुसरं काही मुबलक नव्हतं. नाशिकच्या बाहेर, डोंगराच्या पोटाशी, खाणीच्या कडेनं अशी घरं एकमेकांना टेकून उभी होती. कोणी आमच्यासारखं येवल्याकडून दुष्काळात आलेलं, कोणी मराठवाड्यातून, कोणी घोटीकडून. वस्तीला नाव नव्हतं. शहरातल्या रिक्षावाल्याला ‘खाणीवर’ एवढं सांगितलं की समजायचं, आणि तो बराच अलीकडे उतरवून द्यायचा, कारण पुढच्या रस्त्यावर टायर फाटायचे. तिथून घरापर्यंत चालत जायचं, पांढऱ्या धुळीतून. पावसाळ्यात तीच धूळ चिखल होऊन चपलेला असा धरायची की शाळेत पोचेपर्यंत चपला दुप्पट जड व्हायच्या.

सकाळी कॉम्प्रेसर सुरू व्हायचा. मग ड्रिल. मग क्रशर, दगड चावून खडी करणारं ते धूड, दिवसभर. या आवाजानं मला कधी जाग आली नाही. तो बंद पडला की मात्र जाग यायची, कारण काम बंद म्हणजे काहीतरी झालं. आम्ही सगळेच ओरडून बोलायचो. भांडताना, लाडानं, आजाऱ्याची विचारपूस करतानाही. आज इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी फोनवर बोलायला लागले की सूनबाई हळूच गॅलरीचं दार लावून घेते. समजूतदार आहे ती. पण मला कळतं, आणि मी आवाज खाली आणते. दोन मिनिटांनी तो पुन्हा वर गेलेला असतो.

जेवणात कच लागायची. आई पिठाचा डबा ओल्या फडक्यानं झाकायची, पाण्याच्या हंड्यावर ताटली, ताटलीवर पुन्हा फडकं. तरीही भाकरीच्या दुसऱ्या तिसऱ्या घासाला दाताखाली कर्र व्हायचंच. सुकटीची चटणी असली तर ते कळायचं नाही, म्हणून आम्हा भावंडांना सुकटीची चटणी फार आवडायची. शेजारी भागूआजी राहायची, घोटीकडची. तिचा नवरा याच खाणीवर काम करता करता गेला. पोरगा पुण्याकडे गेला तो तिकडचाच झाला. आजी एकटीच खडी फोडायची. वर्षातून एकदा तिचा भाचा माहेरचा नवा तांदूळ आणून द्यायचा. तो शिजायला लागला की अख्ख्या ओळीत वास सुटायचा आणि आजी ओरडून सांगायची, “वाटी घेऊन या रं, लय नाय, पर घासघास सगळ्यांना हाय!” तिच्या बोलण्यात नेहमी आवणी, म्हणजे भाताची लावणी, असायची. गुडघाभर पाण्यात ओळीनं वाकलेल्या बाया, हिरवीगार रोपं. मला ते खोटं वाटायचं. हिरवं आमच्याकडे एकच होतं, खाणीच्या पलीकडच्या उतारावरचं चिंचेचं झाड, आणि तेही वर्षातले आठ महिने धुळीनं पांढरं.

बाबा ड्रिल मशीन चालवायचे. कातळात होल मारायचं, त्यात दुसरा माणूस दारू भरणार, मग सुरुंग उडणार. दिवसभर ते मशीन अंगाशी धरून धरून त्यांचे हात घरीसुद्धा थरथरत असायचे. चहाची कपबशी ते दोन्ही हातांनी धरायचे. माणूस अबोल, सातवी शिकलेला, वर्तमानपत्राचा कागद हाती आला तर सामोशाचं तेल पुसून तो वाचणारा. आमच्या घरात बुद्धाची एक तसबीर होती. तिच्या काचेवरची धूळ रोज सकाळी कामावर जाण्याआधी तेच पुसायचे. आईनं पुसली तरी ते पुन्हा पुसायचे.

त्या काळी सुरुंगाला वेळ अशी नव्हती. होल भरून झाले की उडवायचे. एक माणूस लाल फडकं हलवत “सुरुंग, सुरुंग!” म्हणून ओरडायचा, पण क्रशर चालू असला तर त्याचं ओरडणं त्याला स्वतःला तरी ऐकू येत असेल की नाही, शंका आहे. एका दुपारी आई भाकरी थापत होती. मी अकरावीत होते, कॉलेजातून नुकतीच आले होते आणि दारात पाय धूत होते. धमाका झाला, तो नेहमीचाच. त्यानंतरचा आवाज मात्र घरातला होता. पत्रा फाडून नारळाएवढा दगड आला आणि आईच्या उजव्या खांद्यावर पडला. ती ओरडली नाही. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला, तो मला आठवतो. भागूआजी आणि मी तिला धरून रस्त्यापर्यंत आणलं, एका खडीच्या ट्रकमध्ये पुढं बसवून सिव्हिलला नेलं. हाड जुळलं, पण हात खांद्याच्या वर कधी गेला नाही. ती डाव्या हातानं थापायला शिकली. भाकरी एका बाजूला जाड व्हायची.

त्या संध्याकाळी मुकादम घरी आला. खाणीच्या शेठनं दवाखान्याचं बघितलंय, काळजी करू नका, असं म्हणाला, आणि जाता जाता सहज बोलून गेला, “तुझ्याच लाइनीतला होता दगड.” बाबांनी मान हलवली. ते त्यांना आधीच ठाऊक होतं. कोणत्या ओळीचे होल त्या दुपारी उडवले, हे ड्रिलवाल्याला सांगावं लागत नाही.

मग एका रविवारी बाबा म्हणाले, “सुमन, कोरा कागद घे. अर्ज लिहायचाय.”

मी कॉलेजातल्या सवयीनं मायना लिहिला, ‘मा. जिल्हाधिकारी साहेब यांस सविनय सादर.’ मग ते सांगत गेले आणि मी लिहीत गेले. आम्ही अमुक खाणीवर काम करतो व तेथेच राहतो. सुरुंग केव्हाही उडवतात. दगड घरावर येतात. तरी सुरुंगाला दिवसातली एक वेळ ठरवून द्यावी आणि त्याआधी भोंगा वाजवावा.

“एवढंच?” मी विचारलं. “पाण्याचं? रस्त्याचं?”

“एवढंच लिही. जास्त मागितलं की कायच देत नाय.”

शेवटी मी ‘आम्ही आपल्या कृपेचे भुकेले’ असं काहीतरी लिहिलं होतं. ते त्यांनी मला खोडायला लावलं आणि सगळा अर्ज पुन्हा स्वच्छ लिहून घेतला. “भुकेले कशाला? विनंती हाय, तसं लिही.”

आंघोळ करून, पांढरा सदरा घालून ते कलेक्टर कचेरीत गेले. मीही बरोबर गेले. खिडकीतल्या कारकुनानं अर्ज घेतला, शिक्का मारला आणि आमच्या प्रतीवर पोच दिली. बाबांनी ती पोच किती वेळा उलटसुलट करून पाहिली. “आता?” त्यांनी विचारलं. कारकून चांगला माणूस होता. म्हणाला, “आता अर्ज जाईल गौण खनिज शाखेला. तिथून प्रांताकडे, प्रांताकडून तहसीलदारांकडे, तिथून तलाठ्याकडे. तलाठी अहवाल देईल, मग तो तसाच वर येईल. फिरतो हो अर्ज, वेळ लागतो.” दगडाला सरकारी भाषेत गौण खनिज म्हणतात हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. परत येताना बाबा तोच शब्द घोळवत होते. “गौण म्हंजे?” मी म्हटलं, कमी महत्त्वाचं. ते जरा हसले. “वजन उचलून बघा म्हणावं एकदा.”

अर्ज फिरत राहिला. बाबा सुट्टीच्या दिवशी जाऊन चौकशी करत. साहेब मीटिंगला आहेत, साहेब दौऱ्यावर आहेत, फाइल खाली गेली आहे, फाइल वर आली आहे. पाऊस होऊन गेला, चिंचेला नवी पालवी आली आणि पुन्हा पांढरी झाली, तेव्हा एक सरकारी पाकीट आलं. सगळी ओळ आमच्या दारात गोळा झाली. मी मोठ्यानं वाचलं. सदर ठिकाणी लोकवस्ती असल्याचे अभिलेखावरून दिसून येत नाही. सबब अर्ज दप्तरी दाखल करण्यात येत आहे.

“दप्तरी दाखल म्हंजे ठेवून घेतला ना?” भागूआजीनं आशेनं विचारलं.

“ठेवून दिला, आजी. संपला.”

आई चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, “वस्ती नाय तर दगड कोणाला लागला?”

मला हे पत्र दुसऱ्याच ठिकाणी टोचलं. बारावीनंतर मला नर्सिंगला जायचं होतं. आईच्या उशाशी सिव्हिलमध्ये बसले होते तेव्हाच ते मनानं घेतलं होतं. त्यासाठी रहिवासी दाखला लागणार होता. तलाठ्याकडे गेले तर त्यानं खांदे उडवले. “तिथं वस्तीच नाही कागदावर. दाखला कशाचा देऊ पोरी?” मी कॉलेजात जात होते, परीक्षा देत होते, माझ्या मैत्रिणी माझ्या वह्या उतरवून घेत होत्या, आणि मी कुठेच राहत नव्हते. मी घरी येऊन रडले. बाबांनी काही समजूत घातली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी आणखी एक कोरा कागद पुढे ठेवला.

दुसऱ्या अर्जात आम्ही फक्त नावं लिहिली. भागूआजी आणि मी घरोघर फिरलो. ज्याला सही येते त्याची सही, बाकी सगळ्यांचे अंगठे. लोकांनी उत्साहानं दिले. तान्ह्या पोरांचीसुद्धा नावं सांगितली. एका बाईनं पोराचं नावच ठेवलं नव्हतं, तिनं तिथल्या तिथं ठेवलं. या अर्जाचं उत्तर फार लवकर आलं. ते घेऊन तलाठी स्वतः आला आणि वाचून दाखवायची वाट न बघता घराघरावर चिकटवून गेला. सरकारी जमिनीवर अनधिकृत बांधकाम करून आपण वास्तव्य करत असल्याचे आपण स्वतः कबूल केले आहे. सदर अतिक्रमण स्वखर्चाने काढून घ्यावे, अन्यथा काढून टाकण्यात येईल.

आजही मी वर्तमानपत्रात कुठं कोणी कशासाठी निवेदन दिल्याची बातमी वाचते तेव्हा माझी नजर निवेदनाच्या मजकुरावर नसते. या लोकांनी आपला पत्ता लिहिला असेल, एवढंच माझ्या मनात येतं.

त्या संध्याकाळी ओळीतली माणसं पुन्हा आमच्या दारात आली. या वेळी कोणी बसलं नाही. रामदासकाका म्हणजे क्रशरवाला, बाबांचा जिवलग, दोघं एकाच ट्रकमधून या खाणीवर उतरलेले. तोच पुढं झाला.

“काय मिळवलंस अर्ज करून?” तो म्हणाला. “आपण नव्हतो तेच बरं होतं. कोणाला दिसत नव्हतो म्हणून राहत होतो. आता दिसलो, आता उठवतील.”

“दगड तर पडतच होते ना, रामदास.”

“दगड एखाद्यावर पडतो. घर सगळ्यांचं जातंय.”

मला वाटत होतं बाबांनी काहीतरी बोलावं, पण ते खाली बघत राहिले. रामदासकाका काही वाईट बोलला नव्हता. त्याच्या घरात म्हातारी अंथरुणाला खिळलेली होती, तिला उचलून कुठं न्यायचं, हाच विचार त्याच्या डोक्यात असणार. माणसं निघून गेली. पुढचे कितीतरी दिवस आमच्या दारावरून जाताना बायका बोलायच्या थांबायच्या. बाबांनी मिस्त्रीकाम कुठं मिळतंय का, याची चौकशी सुरू केली. अर्जाचं नाव काढलं नाही.

ते काढलं आईनं. एका सोमवारी तिनं तिची बरी साडी नेसली आणि मला म्हणाली, “कॉलेजला एक दिवस नको जाऊ. दोन्ही पत्रं घे. तुझ्या बापाला सांग, सदरा घाल.”

सोमवारी प्रांतसाहेब लोकांना भेटत. आम्ही बाकावर बसलो, नाव पुकारलं तेव्हा दुपार कलली होती. साहेब पन्नाशीचे असतील, डोळ्यांखाली काळं, समोर फायलींचा ढीग. बाबा बोलायला लागले आणि पहिल्याच वाक्यात अडखळले. आईनं माझ्या हातातली पत्रं घेऊन टेबलावर शेजारी शेजारी ठेवली.

“साहेब,” ती म्हणाली, “या पत्रात आमी नाय. या पत्रात आमी हाय. आमी हाय का नाय, तेवढं ठरवून सांगा. असलो तर सुरुंगाची वेळ ठरवून द्या. नसलो तर नोटीस परत घ्या.”

खोलीतला शिपाई हसला. साहेब हसले नाहीत. त्यांनी दोन्ही पत्रं वाचली, पुन्हा वाचली, आणि खालच्या सह्यांवर बोट ठेवून शेजारच्या कारकुनाकडे पाहिलं. कारकून म्हणाला, “सर, दोन वेगळ्या शाखांचं आहे.” साहेबांनी डोळे चोळले. “मी इथं बसून काही सांगत नाही,” ते आईला म्हणाले. “बघायला येतो. तारीख कळवतील.”

तारीख कळली. पत्र बाबांना आलं तसं शेठलाही गेलं असणार, कारण त्याच आठवड्यात मुकादम ओळीतून हसत हसत फिरला. शेठनं नवस बोलला होता म्हणे, तो फेडायचाय. सगळ्या मजुरांना, बायकापोरांसकट, त्र्यंबकेश्वरला नेणार. सकाळी ट्रक येतील, दर्शन, कुशावर्तावर स्नान, वर पुरी-भाजी-शिऱ्याचं जेवण, संध्याकाळी परत. खाण बंद, हजेरी चालू. दिवस पाहणीचाच होता.

डाव कोणाला समजला नाही असं नाही. सगळ्यांना समजला. पण मला इथं एक सांगायला हवं, की आमच्या ओळीतल्या बायकांना इतक्या वर्षांत कोणी कुठंही नेलं नव्हतं. त्र्यंबकेश्वर तासाभराच्या रस्त्यावर होतं आणि तिथं गेलेली बाई आमच्यात एकही नव्हती. पोरं आठवडाभर शिऱ्याबद्दल बोलत होती. माझा धाकटा भाऊ मिलिंद तर रोज सकाळी उठून आजच आहे का विचारायचा. आणि भागूआजीचं तर काय सांगावं. तिच्या नवऱ्याची राख तिला कुशावर्तात सोडायची होती, तेव्हा जमलं नव्हतं. ती म्हणायची, निदान एकदा त्या पाण्यात उभी राहीन. तिनं ठेवणीतलं लुगडं उन्हात टाकलं होतं.

ट्रक सकाळीच आले, धुऊन पुसून, हौद्यात ताडपत्री अंथरलेली. मुकादम ओरडून ओरडून माणसं चढवत होता. रामदासकाका आपल्या म्हातारीला पाठुंगळी घेऊन आला आणि तिला पुढं ड्रायव्हरशेजारी बसवलं. भागूआजी पहिल्या ट्रकमध्ये, कडेची जागा धरून. आई आमच्या दारात चुलीसमोर बसली होती आणि डाव्या हातानं पीठ मळत होती. मिलिंद तिचा पदर ओढून ओढून रडत होता. तिनं कोणालाही अडवलं नाही. कोणाकडे बघितलंही नाही.

“ए सुमनची आय,” आजीनं ट्रकमधून हाक मारली, “तू नाय येत?”

“नाय.”

“अगं चल की! देवाचं बोलावणं हाय.”

आईनं तेव्हा मान वर केली. “तुमचा देव कुठं जात नाय, भागूबाई. तिथंच हाय तो. साहेब आज आला तर आला.”

ती एवढंच बोलली आणि परात पुढं ओढली. ड्रायव्हरनं गाडी चालू केली. ट्रक थोडा हलला असेल नसेल, आजीनं हौद्याच्या पत्र्यावर मुठीनं दणादण मारायला सुरुवात केली. “थांबव! ए मुडद्या, थांबव गाडी!” ट्रक थांबला. तो उंच होता, तिला उतरता येईना. मी धावत गेले, तिचा पाय माझ्या खांद्यावर घेतला आणि तिला खाली उतरवलं. तिचं ठेवणीतलं लुगडं फळीच्या खिळ्याला लागून टर्रकन फाटलं.

“काय झालं आजी?” मुकादम धावत आला.

“मला गाडी लागती,” आजी म्हणाली.

“अजून सुरू पण नाही झाली!”

“मग? सुरू झाल्यावर वकू का तुझ्या अंगावर?”

ट्रकमधल्या बायका हसल्या. मग त्यांतली एक उतरली. मग तिची जाऊ. नंतर आणखी काही, कोणी पोरांना घेऊन, कोणी पोरांना ट्रकमध्येच ठेवून, जाऊ दे त्यांना, शिरा तरी खातील. मुकादम कोणाकोणाला धरणार? पण सगळ्या उतरल्या असं नाही. निम्म्याहून जास्त माणसं ट्रकमध्येच राहिली, रामदासकाकाही. मिलिंदला आईनं त्याच्याजवळ दिलं. “नेतोस का याला?” तिनं विचारलं. त्यानं हात पुढं केले आणि त्याला वर ओढून घेतलं. ट्रक धूळ उडवत गेले आणि क्रशर बंद असलेली ती खाण अशी शांत झाली की आम्ही बोलायला लागलो आणि आमच्याच आवाजाला दचकलो.

साहेब येईनात. सकाळ गेली. ऊन डोक्यावर आलं. बायका दारात बसून रस्त्याकडे बघत होत्या. “आत्ता पुरी तळत असतील,” एक म्हणाली. कोणी तिला गप्प केलं नाही. बाबा रस्त्याच्या तोंडाशी उभे होते, पांढऱ्या सदऱ्यात, आणि मला ते फार लहान दिसत होते. आजी आपलं फाटलेलं लुगडं शिवत बसली होती. मी सुईत दोरा ओवून देत होते.

जीप आली तेव्हा सावल्या लांबायला लागल्या होत्या. साहेब, तलाठी आणि एक शिपाई. तलाठ्यानं उतरता उतरताच सुरुवात केली, “सर, मजूर येऊनजाऊन असतात इथं, कायमचं कोणी—” आणि तेवढ्यात त्याला आजी दिसली, तिच्यामागं चुली, वाळत घातलेली पोरांची कापडं, कोंबड्या. साहेब ओळीतून चालत गेले. कुलपं होती तिथं थांबले नाहीत, दारं उघडी होती तिथं थांबले. आमच्या घरात वाकून आले. आई भाकरी थापत होती. पत्र्याला बाबांनी लावलेलं ठिगळ त्यांनी पाहिलं, मग आईचा हात पाहिला.

“इथूनच दगड आला आणि हात गेला?” त्यांनी विचारलं.

“हो साहेब,” आई म्हणाली.

“ड्रिल कोणी केलं होतं?”

मला वाटलं बाबा आता गप्प बसतील. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं सगळंच बोलायला. पण ते पुढं आले. “मी, साहेब. होल माझेच होते.”

आई थापायची थांबली. एवढ्या महिन्यांत हे वाक्य आमच्या घरात कोणी उच्चारलं नव्हतं. साहेबांनी बाबांकडे पाहिलं आणि मग बाहेर जाऊन दगडावर बसले. तलाठ्याला म्हणाले, “पंचनामा इथंच करा. घर आणि माणसं, सगळं लिहा. मी थांबतो.”

तलाठी घराघरात जाऊन लिहू लागला. कुलूप असलं की म्हणायचा, “बंद. रहिवासी नाही.” आजी त्याच्यामागं फिरत ओरडत होती, “अरं शिरा खायला गेलीत! मेली नाय!” पण कागदावर ‘बंद’ पडत होतं. सूर्य डोंगराला टेकला. तलाठ्यानं पेनाला टोपण लावलं आणि साहेब उठले.

तेवढ्यात वळणावर धूळ दिसली. ट्रक परत येत होते. मुकादमानं जीप पाहिली आणि ड्रायव्हरला थांबायला सांगितलं, वस्तीच्या अलीकडेच. पण माणसं उतरायला लागली होती. कपाळाला गंध, हातात प्रसादाच्या पुड्या, पोरं पेंगुळलेली. ती तिथं उभी राहून आमच्याकडे बघत होती, आणि आम्ही त्यांच्याकडे. मग रामदासकाका गर्दीतून निघाला. मिलिंद त्याच्या खांद्यावर झोपला होता. तो सरळ तलाठ्यासमोर येऊन उभा राहिला.

“माझं लिहा,” तो म्हणाला. “रामदास. माझी आई, बायको, दोन पोरं. ते कुलूप माझं हाय.” आणि खिशातून किल्ली काढून त्यानं दार उघडून दाखवलं.

मुकादम लांबून ओरडला, “रामदास, उद्या कामावर यायचंय ना?” काकानं मागं पाहिलं नाही. त्याच्यामागं दुसरा आला, मग तिसरा. तलाठ्यानं साहेबांकडे पाहिलं. साहेब पुन्हा दगडावर बसले. शेवटची नावं जीपच्या दिव्यांच्या उजेडात लिहिली गेली.

पुढं काय झालं ते सांगते. सगळं मिळालं नाही. सुरुंगाची वेळ ठरली, भोंगा आला. अतिक्रमणाची नोटीस ‘पुढील आदेशापर्यंत’ स्थगित झाली आणि पुढचा आदेश कितीतरी वर्षं आलाच नाही. तो आला तेव्हा खाण संपली होती आणि निम्म्याच लोकांना दुसरीकडे जागा मिळाली. पंचनाम्याच्या जोरावर मला रहिवासी दाखला मिळाला. नर्सिंग झालं, सिव्हिलमध्येच नोकरी केली, तिथूनच निवृत्त झाले. प्रांतसाहेबांची बदली लवकरच झाली. भागूआजी दोन वर्षांनी भाच्याबरोबर एसटीनं त्र्यंबकला जाऊन आली आणि गर्दी फार होती म्हणून कुरकुरली. बाबांचं आणि रामदासकाकाचं काम पंचनामा झाला त्याच आठवड्यात गेलं. मशीन दुसऱ्याच्या हातात दिलं गेलं, आणि दोघं सातपूरला बांधकामावर जाऊ लागले, सकाळी एकाच सायकलवरून.

पण भोंगा पहिल्यांदा वाजला तो दिवस बांधकामावरच्या सुट्टीचा होता आणि बाबा घरी होते. नियम असा होता की भोंगा झाला की सगळ्यांनी उतारावरच्या चिंचेखाली जायचं आणि दुसरा भोंगा होईपर्यंत तिथंच थांबायचं. आम्हाला कोणालाच याची सवय नव्हती. दुपारच्या वेळी, हातातलं काम टाकून, सगळ्यांनी मिळून नुसतं बसायचं! बायका भाकरीची फडकी घेऊन आल्या, कोणी पोरं, कोणी शेळी. रामदासकाकानं म्हातारीला आणून झाडाला टेकवलं. माणसं जरा लाजल्यासारखी एकमेकांकडे बघत होती. बाबा बुंध्याशी आडवे झाले आणि बघता बघता त्यांचा डोळा लागला. मी त्यांना दिवसा झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं. हात पोटावर होते आणि थरथरत नव्हते.

सुरुंग उडाला. डोंगर हलला, धुळीचा लोट वर गेला, झाडावरून पांढरं काहीतरी भुरभुर आमच्या अंगावर पडलं. पोरं ओरडली. बाबा जागे झाले नाहीत. मग दुसरा भोंगा वाजला, माणसं कपडे झटकत उठायला लागली आणि सवयीनं मोठमोठ्यानं बोलायला लागली. मिलिंद बाबांना हलवायला वाकला.

आईनं त्याचा हात धरला. “झोपू दे,” ती म्हणाली, आणि सगळ्या ओळीकडे बघून तिनं तोंडावर बोट ठेवलं. तेवढी सगळी माणसं, पोरं, शेळी, उतारावरून चाहूल न देता घरी गेली.